नांदेडच्या उन्हातली लोकर

मे महिन्यात नांदेडच्या माणसाला अंगावरचा सुती पंचासुद्धा जड होतो. अशा दिवसांत वर पंखा गरम हवा फिरवतोय, नळाचं पाणी चटका देतंय आणि खिडकीपाशी एक बाई मांडीवर पांढऱ्या लोकरीचा गोळा घेऊन शांतपणे विणत बसल्या आहेत, हे दृश्य मी कितीतरी उन्हाळे पाहिलं. त्या आमच्या रसायनशास्त्राच्या मॅडम. अख्खं कॉलेज त्यांना लोकर मॅडम म्हणायचं. नव्यानं आलेल्या पोरांना वाटायचं, आडनावच लोकरे असेल. एकानं तर प्रयोगवहीवर तसं लिहून आणलं होतं. मॅडमनी खाली सही केली आणि वही परत दिली. दुरुस्त काही केलं नाही.

मी चाकूरहून नुकतीच आलेली, तोंडाळ. पहिल्याच आठवड्यात विचारून मोकळी झाले, "मॅडम, तुम्हाला उकडत नाही का?"

"उकडतं की," त्या सुईवरची नजर न काढता म्हणाल्या. "पण हात रिकामे ठेवले की जास्त उकडतं."

त्या मूळच्या लातूरच्या. तिथल्या बाजारात भावाचं कापडाचं दुकान, माजघरात बोलताना मध्येच कानडी शब्द, कपाळावर विभूतीची फिकट रेघ. लग्न केलं नव्हतं आणि का केलं नाही हे विचारायची कुणाची छाती नव्हती. माझीसुद्धा नाही. आमच्याशी बोलताना भाषा पुस्तकासारखी स्वच्छ, पण रागावल्या की आतलं लातूर बाहेर यायचं. "लई शहाणी झालीस का गं?" एवढं कानावर आलं की समजायचं, आज सगळा प्रयोग पहिल्यापासून करायचा आहे.

त्यांचं विणकाम हा काही वेळ घालवायचा छंद नव्हता. बाजारात आपण जिला लोकर म्हणतो तिचा मेंढीशी काही संबंध नसतो. ती ॲक्रिलिक, म्हणजे पेट्रोलच्या भावकीतलं पॉलिमर, बारीक धागा करून ओढलेलं. मॅडम त्याची जाळी विणायच्या आणि एका गरम द्रावणात बराच वेळ ठेवायच्या. "आता धाग्याला हूक फुटले बघ," असं म्हणून जाळी लोखंडाच्या क्षाराच्या पाण्यात सोडायच्या. त्या हुकांना लोखंड अडकायचं आणि दुधासारखी पांढरी जाळी तांबूस होऊन बाहेर यायची, जुन्या ट्रंकेचा गंज लागलेल्या लुगड्यासारखी. मग ही जाळी रंगाच्या पाण्यात टाकायची, जखमेवर घालतात ते फेसाळणारं पेरॉक्साइड थोडं ओतायचं, आणि बघत बसायचं. पाण्यातला रंग हळूहळू तुटत जायचा. लोखंड मात्र धाग्याला धरून जागच्या जागी. याला उत्प्रेरक म्हणतात हे आम्हाला बारावीपासून पाठ होतं. मॅडमची व्याख्या निराळी होती. "लग्न जुळवणारा मामा. सगळ्यांचं जुळवतो आणि जेवून आपल्या घरी जातो."

त्यातलं 'बघत बसायचं' हे त्यांचं खरं शिकवणं. प्रयोगशाळेला पश्चिमेची एक मोठी खिडकी होती. तिच्या कठड्यावर काचेच्या चंचुपात्रांची रांग असायची, कुणात जांभळं पाणी, कुणात केशरी, कुणात निळं. रंग किती गेला हे मोजायचं यंत्र शेजारच्या खोलीत होतं. आम्हाला घाई, कधी एकदा आकडा हाती येतोय. मॅडम म्हणायच्या, "यंत्र आकडा सांगेल. रंग कसा जातो ते सांगणार नाही. बस इथं." मग आम्ही बसायचो. उतरतं ऊन त्या पाण्यांतून आत यायचं आणि पांढऱ्या फरशीवर रंगीत डाग पडायचे. बघता बघता एकेक डाग फिका व्हायचा. जांभळा गुलाबी व्हायचा, गुलाबी उगाच भास असल्यासारखा उरायचा, आणि मग फरशीवर नुसतं ऊन. सुयांचा टिकटिक आवाज तेवढा चालू असे. त्या खिडकीपाशी मी किती दुपारी अर्धवट जागी, अर्धवट झोपेत घालवल्या कोण जाणे. अजूनही डोळा लागता लागता मला ती फरशी दिसते.

"रंग जातो कुठं, मॅडम?" मी एकदा विचारलं. उत्तर मला येत होतं. मोठा रेणू तुटतो, त्याचे लहान तुकडे होतात, वगैरे. पण त्या खिडकीत असे प्रश्न विचारावेसे वाटायचे.

"तुझं गाणं म्हणून झालं की ते जातं कुठं?" त्या म्हणाल्या, आणि पुढचा टाका घातला.

पुढं मी त्यांच्याच हाताखाली संशोधनाला लागले. चार निबंध वाचून मला शिंगं फुटली. जगभर लोक लोखंडाची बारीक भुकटी वापरतात, आपणच काय हे सोवळ्यासारखं विणत बसायचं? मी हट्टानं भुकटी टाकून दाखवली. रंग झरझर गेला. मी विजयी मुद्रेनं मॅडमकडं बघितलं. त्या म्हणाल्या, "छान. आता भुकटी काढ." ती काही केल्या निघेना. गाळली तर गाळणी तुंबली, ठेवली तर पाणी गढूळच राहिलं. शेवटी माझं पाणी मोरीत गेलं आणि लोखंडही मोरीत गेलं. मॅडमनी आपल्या पात्रातून चिमट्यानं जाळी उचलली, नळाखाली धरली, दोरीवर वाळत घातली. "भुकटी हुशार असते गं, पण गेली की गेली. धागा परत येतो." हे त्यांचं आवडतं वाक्य. धागा परत येतो. त्याचा मला पुढं पुढं इतका कंटाळा आला होता की त्यांनी 'धागा' म्हटलं की मी मनात 'परत येतो' म्हणून टाकायची.

उरलेल्या लोकरीची त्या टोपडी करत. त्यांच्या कुठल्याही विद्यार्थ्याला मूल झाल्याचं कळलं की महिन्याच्या आत पोस्टानं टोपडं पोचायचं, कानाला बांधायच्या बंदांसकट. मराठवाड्याच्या उन्हात त्या लेकरांनी ती किती घातली असतील देव जाणे. पण प्रत्येक घरात ते जपलेलं असायचं. टोपडं कायम पांढरं. मी म्हटलं, "एखादं गुलाबी करा की." तर म्हणाल्या, "पोराला आधी पांढरं द्यावं. रंग काय, दुनिया देतेच."

रंगारी चाचांची गाठ मला मॅडममुळंच पडली. जुन्या नांदेडात एका गल्लीत त्यांचं ओढण्या आणि साड्या रंगवायचं दुकान होतं, वडलांच्या हातचं. बाई साडीचा तुकडा घेऊन यायची आणि चाचा भगुन्यात दोन-तीन पुड्या टाकून हुबेहूब तोच रंग ओढणीवर उठवायचे. मॅडम त्यांच्याकडं जायच्या त्या मात्र रंगवून उरलेलं पाणी मागायला. "प्रयोगशाळेतलं पाणी शहाणं असतं," त्या म्हणायच्या, "आपल्याला गल्लीतलं पाणी पाहिजे, मीठ, मळ, सगळं असलेलं." मी त्यांच्याबरोबर कॅन उचलायला. चाचा आम्हाला बघून हसायचे. मॅडमना ते बाजी म्हणायचे, म्हणजे थोरली बहीण. "दुनिया माझ्याकडनं रंग नेऊन राहिली, आन् ही एकच बाजी पाणी नेऊन राहिली!"

त्यांना मॅडमनी लग्नाच्या मामाची गोष्ट सांगितली तेव्हा चाचांनी दाढीवरून हात फिरवत विचार केला आणि म्हणाले, "पर बाजी, तुमचा मामा जुळवत न्हाई. तोडून राहिला." मॅडम इतक्या हसल्या की हातातला कप हिंदकळून साडीवर चहा सांडला. चाचांनी तिथल्या तिथं डाग काढून दिला. डाग काढण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नव्हतं. चहा असो, हळद असो, ट्रंकेचा गंज असो, "माझ्या दारातून डाग घेऊन कुणी वापस गेला न्हाई," ही त्यांची शेखी, आणि ती खरी होती.

चाचांची सून नसीम दाराशी बसून मॅडमच्या हातांकडं टक लावून बघायची. एक दिवस मॅडमनी काही न बोलता तिच्या हातात सुया दिल्या. त्या दिवसापासून पाणी आणायला गेलो की आमचा निघायला तासभर उशीर ठरलेला.

परत येताना कधी कधी मॅडम रिक्षा विष्णुपुरीकडं घ्यायला लावायच्या. धरणामागं गोदावरी अडून पसरलेली असते, वाहते की थांबली आहे ते कळत नाही. आम्ही काठावर बसायचो, शेजारी रंगीत पाण्याचे कॅन. मॅडम तेवढा वेळ विणत नसत. संध्याकाळी पाण्यावर सगळे रंग यायचे आणि कुणी काही न करता जायचे. "बघ," त्या एकदा म्हणाल्या, "हिला जाळी लागत नाही." मग शेजारच्या कॅनवर हात ठेवून म्हणाल्या, "पण आपण जे घालतो त्याला लागते." मला तेव्हा त्यांच्याबद्दल एकदम माया दाटून आली. का ते सांगता येत नाही. तिन्हीसांजेला पाण्याकाठी होतं तसं काहीतरी.

आणि मग एका उन्हाळ्यात चाचांच्या गल्लीतल्या हापशाला गुलाबी पाणी आलं. फार नाही, पेल्यात धरलं तर जाणवेल इतकंच. चाचांचं पाणी उघड्या नालीतून त्याच अंगाला जायचं. गल्लीतल्या लोकांनी तक्रार केली, आणि त्यांचं चुकलं असं चाचासुद्धा म्हणाले नाहीत. महापालिकेचे साहेब येऊन सांगून गेले की पाणी बिनरंगी करून सोडा, नाहीतर भट्टी विझवा. शुद्ध करायची मोठी यंत्रं मोठ्या कारखान्यांसाठी असतात. चार भगुन्यांच्या दुकानाला ती कुठून परवडणार? आम्ही गेलो तेव्हा चाचा उंबऱ्यावर बसले होते. "त्या हापशाचं पाणी माझ्या अब्बांनी मरताना मागितलं होतं, बाजी," ते म्हणाले. "आता माझीच घाण त्याच्यात जाऊन राहिली. बंद करतो म्हणलं. पर बंद करून मी करू काय? मला दुसरं काय बी येत न्हाई."

मॅडम म्हणाल्या, "इतकी वर्षं तुमचं पाणी फुकट नेलं, चाचा. आता परतफेड करू द्या."

नांदेडातल्या दुकानांत उरलीसुरली पांढरी लोकर होती नव्हती ती सगळी आम्ही उचलली. मॅडम, नसीम, मी, तिघी विणायला बसलो. पडद्यांएवढ्या जाळ्या केल्या. प्रयोगशाळेत त्यांना हूक फोडले, लोखंड चढवलं. चाचांच्या अंगणात एक मोठं पिंप उभं केलं, त्यात जाळ्या टांगायच्या आणि वरून भगुन्यातलं पाणी सोडायचं. बादलीत करून बघितलं तर पाणी निवळलं. मॅडमनी साहेबांना बोलावणं धाडलं, उद्या सकाळी या, डोळ्यांनी बघा. आदल्या संध्याकाळी जाळ्या चाचांच्या गच्चीवर वाळत घालून आम्ही घरी गेलो.

सकाळी गल्लीच्या तोंडाशीच माझे पाय थांबले. गच्चीवर मोरपंखी पडदे उडत होते. निळ्यात हिरवा, हिरव्यात निळा, पाठीमागं कोवळं ऊन. इतका सुंदर रंग मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. क्षणभर मला वाटलं, कुणाच्या घरी लग्न आहे. मग जाळीचे टाके ओळखू आले आणि मी जिन्याकडं धावले.

चाचा जिन्यातच भेटले. धुतलेला कुडता, डोळ्यांत सुरमा, चेहरा फुललेला. "देखो बाजी! साहेब येणार, आन् तुमच्या पडद्यांवर ह्ये गंजाचे डाग! माझ्या घरात डागी कपडा टांगून ठिवू? सगळा डाग काढला. मेहनत लई लागली, एका धाग्यावर बी ठिवला न्हाई. आन् मग म्हणलं, बाजीचं काम हाय, खाली पांढरं कशाला? मोरपंखी दिला. अब्बांचा हात हाय त्यो. आता आसा रंग कुणी देत न्हाई."

ज्या लोखंडावर त्यांचं दुकान तगणार होतं, ते लोखंड त्यांनी आपल्या सगळ्या हुनरानिशी धुऊन काढलं होतं. पुन्हा चढवावं म्हटलं तर हुकांवर आता रंग जाऊन बसला होता, आणि चाचांचा रंग एकदा बसला की उठत नसे. मी तोंड उघडलं. मॅडमनी माझं मनगट इतकं जोरात दाबलं की बांगडी रुतली.

त्या पडद्यापाशी गेल्या. एक टोक हातात घेतलं, उन्हात धरलं, खिडकीतल्या पाण्याकडं बघायच्या तसं बघत राहिल्या. "फार सुरेख झालाय, चाचा," त्या म्हणाल्या. आणि ते खोटं नव्हतं.

साहेब आले, तेव्हा मॅडमनी सरळ सांगितलं, "आज दाखवता येणार नाही. जाळ्या तयार नाहीत. बोलावण्यात घाई माझी झाली."

"मग मी वर काय कळवू, मॅडम?"

"पाणी अजून रंगीत आहे, असं कळवा. खोटं कशाला?"

साहेब भला माणूस होता. त्यानं डोकं खाजवलं. "पाऊस लागायच्या आत दाखवा. एकदा नाला भरला की सगळं हापशावर येतं. मग माझ्या हातात काही राहणार नाही." चाचा गोंधळून एकदा त्यांच्याकडं, एकदा आमच्याकडं बघत होते.

रिक्षात मी भडाभडा बोलले. त्यांना सांगायला हवं होतं, त्यांनीच घोळ घातला, आणि दोष तुम्ही का घेतला? मॅडम बाहेर बघत होत्या. "सांगितलं असतं," त्या म्हणाल्या, "तर त्या माणसाचा हात पुन्हा कुठल्या कपड्याचा डाग काढताना धजला असता का?"

खरी अडचण पुढं होती. लोकर संपली होती. मे महिन्यात नांदेडात लोकर मागणं म्हणजे उन्हाळ्यात शेगडी मागणं. दुकानदार माझ्याकडं दयेनं बघायचे. लातूरच्या भावानं माळा उचकला, लोकरीच्या चार लडी निघाल्या, त्यासुद्धा उंदरांनी चाखलेल्या. मी आमच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकलं, मॅडमना पांढरी लोकर हवी आहे, चाचांचं दुकान वाचवायचं आहे, पाऊस लागायच्या आत. दोन दिवस नुसतीच जोडलेल्या हातांची चित्रं येत राहिली. मग उमरीहून एकीनं लिहिलं, "लोकर नाही. पण आमच्या पोराचं टोपडं आहे. तो आता क्रिकेट खेळतो. चालेल का?"

पहिलं टोपडं एसटीच्या कंडक्टरबरोबर आलं. त्यानंतर धार लागली. देगलूर, उदगीर, अहमदपूर, निलंगा, लातूर. कुणी पाकिटात, कुणी मिठाईच्या डब्यात, कुणी डांबराची गोळी घालून. ज्यांची पोरं कॉलेजात गेली होती त्यांनीही पाठवली. मॅडम अवघडून गेल्या. "दिलेलं परत घेऊ नये गं," असं म्हणत त्या प्रत्येक टोपडं हातात फिरवायच्या आणि टाका बघून नाव सांगायच्या. एक मात्र त्यांनी बाजूला ठेवलं. ते ज्या घरातून आलं होतं तिथलं बाळ वर्षाचं होण्याआधीच गेलं होतं. मॅडमनी त्या आईला फोन लावला, हे मला नको म्हणाल्या. पलीकडून ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं, कारण मॅडमनी फोन कानापासून लांब धरला होता. "उसवा, मॅडम. पेटीत पडून राहण्यापेक्षा पाण्यात राहू दे." मॅडमनी ते सगळ्यांत शेवटी उसवलं, आपल्या हातानं.

आम्ही उसवत होतो, नसीम गुंडाळत होती, मॅडम विणत होत्या. 'धागा परत येतो' हे वाक्य त्या दिवसांत त्यांनी एकदाही उच्चारलं नाही. मी मात्र मनात म्हणत होते, आणि या वेळी कंटाळून नाही.

नव्या जाळ्या लोखंड चढून तांबूस होऊन आल्या आणि चाचांच्या अंगणात दोरीवर पडल्या. चाचा जवळ आले. त्यांनी बोटानं धागा चोळला. पुन्हा तोच डाग. ते मॅडमकडं बघत राहिले, मग हळूच खाली ओट्यावर बसले. "बाजी," ते म्हणाले, "तो डाग न्हवता."

"नव्हता."

"आन् म्या धुतला." त्यांनी मान वर केली. "तुमी बोलल्या का न्हाई?"

"मोरपंखी कसा दिसतो ते बघायचं राहिलं असतं ना," मॅडम म्हणाल्या. चाचांच्या डोळ्यांतला सुरमा गालावर आला. तो डाग काढायला त्यांना रुमाल सापडेना.

साहेब आले. भगुन्यातलं गडद लाल पाणी पिंपात सोडलं, पेरॉक्साइड ओतलं, आणि मॅडमनी सगळ्यांना खाली बसवलं. साहेबांनासुद्धा. "बघत बसायचं," त्या म्हणाल्या. दुपार कलली तेव्हा त्यांनी तोटी उघडली. पेला भरला, साहेबांच्या हातात दिला. त्यांनी तो आभाळाकडं धरला, फिरवला, पुन्हा धरला. आरपार पलीकडची भिंत दिसत होती. आनंदाच्या भरात चाचा तो पेला तोंडाला लावणार, तेवढ्यात मॅडम ओरडल्या, "लई शहाणे झालात का? रंग गेलाय, मीठ नाही गेलं!" अख्ख्या गल्लीनं ते लातूर ऐकलं. भट्टी विझली नाही. पुढं हापशाचा गुलाबीपणाही हळूहळू गेला.

मॅडम निवृत्त होऊन लातूरला गेल्या, भावाच्या घरी. सामानात पुस्तकं थोडी, सुया पुष्कळ, आणि मोरपंखी पडद्यांपैकी एक. तो त्यांनी आपल्या खोलीच्या पश्चिमेच्या खिडकीला लावला. मलाही तोवर लातूरला नोकरी लागली होती. मी जायची तेव्हा संध्याकाळी त्या पडद्यातून ऊन येऊन भिंतीवर निळसर पाणी हललेलं दिसायचं. हा डाग फिका होत नसे. मॅडम त्याच्याकडं बघत पडलेल्या असायच्या, कारण तोवर त्यांच्या बोटांना सुई धरवत नव्हती. मला दिवस गेले होते. माझ्या पोटाकडं बघून त्या म्हणाल्या, "तुझं टोपडं राहिलं बघ."

"राहू द्या हो मॅडम. उन्हाळ्यातच होणार आहे."

"उकडतं म्हणून हात रिकामे ठेवायचे नसतात," त्या म्हणाल्या आणि डोळे मिटून हसल्या.

त्या गेल्या तेव्हा मला सातवा महिना होता. त्यांच्या लिंगायत रिवाजाप्रमाणं त्यांना बसवून माती दिली, अंगावर विभूती, मांडीवर फुलं. लोकरीचा गोळा असायचा तिथंच फुलं. नांदेडहून चाचा आले होते, काठी टेकत. त्यांनीही मूठभर माती घातली आणि हात झटकले नाहीत, तसेच मुठी मिटून उभे राहिले. मी रडले, मोठ्यानं रडले. लोक म्हणत होते, अशा अवस्थेत रडू नये. मी म्हटलं, मग कुठल्या अवस्थेत रडू?

माझी मुलगी झाली ती ऐन उन्हाळ्यात. बारशानंतर एका सकाळी दारात चाचा आणि नसीम उभे. चाचांनी खिशातून कागदाची पुडी काढली. "बाजीनं जाण्याआधी फोन करून बोलावलं होतं," ते म्हणाले. "म्हणल्या, खिडकीचा पडदा घेऊन जा, उसवा, आन् नसीमकडनं विणून घ्या. म्हणल्या, सगळ्यांना पांढरं दिलं. हिच्या लेकराला रंगीत द्या."

पुडीत मोरपंखी टोपडं होतं. कानाला बांधायचे बंद, टाका अगदी मॅडमचा, फक्त नसीमच्या हातचा. तो धागा थोडा राठ झालेला, म्हणून आतून जुन्या मलमलच्या ओढणीचं अस्तर लावलेलं. मी ते हातात घेऊन बसले.

ते गेल्यावर मी टोपडं धुवायला घेतलं. लेकराच्या डोक्यावर घालायचं, आणि मी पडले रसायनशास्त्राची मास्तरीण. रंग सुटतो का ते बघितल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं. कोमट पाण्यात बुडवलं, चोळलं, पिळलं, बराच वेळ तसंच ठेवलं. मग ते पाणी काचेच्या पेल्यात ओतलं आणि खिडकीत नेऊन उन्हात धरलं. आत पोरगी उठून रडायला लागली होती. तरी मी उभीच राहिले, बघत. पेल्यातून पलीकडचं सगळं दिसत होतं, समोरची भिंत, कडुनिंब, दोरीवरचे लंगोट. पाण्यात काहीसुद्धा उतरलं नव्हतं.